आंतरविद्याशाखीय ऑनलाइन मॉड्यूल: विषय शेजारी ठेवले की ते जोडले जातात का?

निवळी

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. आम्ही चार शिक्षकांनी (विज्ञान, भूगोल, गणित आणि भाषा) मिळून आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक ऑनलाइन मॉड्यूल तयार केले आहे. विषय आहे ‘पाणी’. सहा तासिकांच्या या मॉड्यूलमध्ये जलचक्राची चित्रफीत, नदीखोऱ्यांचे नकाशे, घरातील पाणीवापराचा स्तंभालेख आणि शेवटी पावसावरची एक कविता व तिच्यावरील प्रश्न असे भाग आहेत. प्रत्येक भाग त्या त्या विषयाच्या शिक्षकाने मनापासून केला आहे आणि सुटा पाहिला तर कोणताही भाग वाईट नाही.

गेल्या आठवड्यात ते एका तुकडीला करायला दिले. दुसऱ्याच पानावर एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, यातला विज्ञानाचा भाग कुठून कुठपर्यंत आहे? आता विज्ञानाचा तास आहे, म्हणून तेवढाच करते.” तिचे विचारणे अगदी रास्त होते, कारण मला तो भाग खरोखरच बोट ठेवून दाखवता आला: पान तीन ते पान सात. जे मॉड्यूल असे चार तुकड्यांत कापता येते आणि कापल्यावर एकाही तुकड्याला काही उणे पडत नाही, त्याला आंतरविद्याशाखीय कसे म्हणायचे, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. विषय एकमेकांत खरोखर गुंतावेत यासाठी मॉड्यूलची सुरुवात कशापासून करावी? आणि अशा कामाचे गुण कोणी, कशाचे द्यावेत? ज्यांनी असे मॉड्यूल प्रत्यक्ष वर्गात वापरले आहे त्यांनी, ते फसले असले तरीही, जरूर लिहावे. फसलेल्या प्रयत्नांबद्दल वाचायला मिळाले तर आमचा वेळ वाचेल आणि मुलांचाही.

पाटीपेन्सिल

तुमच्या विद्यार्थिनीने जे नेमके हेरले, ते अभ्यासक्रमाच्या अभ्यासकांनीही नोंदवून ठेवले आहे. हायडी हेज जेकब्स यांनी १९८९ मध्ये आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमांत वारंवार दिसणारे दोन दोष सांगितले होते. पहिला, प्रत्येक विषयातून चिमूटभर घेऊन केलेली मिसळण. दुसरा, विषयांच्या सीमा जपणारे आणि त्या मोडू पाहणारे असे दोन तट पडून परस्परांविषयी वाढणारा संशय. तुमच्याकडे पहिला दोष आहे. दुसरा याच धाग्यावर थोड्या वेळात दिसेल असे वाटते.

‘पाणी’ हे नाम आहे, प्रश्न नाही. नामाभोवती कोणीही काहीही आणून ठेवू शकतो आणि ते चूक ठरत नाही. प्रश्न घेतला की त्याचे उत्तर द्यावे लागते, आणि मग कोणती गोष्ट आत राहील व कोणती बाहेर जाईल हे ठरवायला काही आधार मिळतो.

लसावि

मी वीस वर्षे गणित शिकवत आहे आणि माझा आक्षेप केवळ या मॉड्यूलपुरता नाही. आजवर मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक आंतरविद्याशाखीय घटकात गणिताच्या वाट्याला स्तंभालेख आला आहे. पाणी असो, आरोग्य असो, वाहतूक असो. बाकीचे विषय आशय मांडतात आणि गणिताने त्यांना आलेख काढून द्यायचा. स्तंभालेख मुले प्राथमिक वर्गात शिकतात. आठवीत त्यांनी चलांमधील संबंध, चलन, बैजिक राशी यांच्याशी झगडावे अशी अपेक्षा असते, आणि सहा तासिकांच्या मॉड्यूलमध्ये त्या झगड्याला एक ओळही मिळत नाही.

शिवाय गणिताची रचना उतरंडीसारखी आहे. अपूर्णांक पक्के नसतील तर गुणोत्तर येत नाही, गुणोत्तर नसेल तर चलन येत नाही. प्रश्नाच्या ओघात जे लागेल ते शिकवू, या पद्धतीत मधले मडके निसटते आणि ते निसटल्याचे दोन वर्षांनी कळते. ज्या मुलांना घरी कोणी शिकवणारे नाही, त्यांचे यात सर्वांत जास्त नुकसान होते. म्हणून मी म्हणतो की आधी विषय नीट शिकवावा आणि जोडणी नंतर करावी.

अक्षांश

लसावि यांच्या आक्षेपातील पहिल्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी अर्धा. भूगोलाचीही गत वेगळी नसते, कारण आमच्या वाट्याला नेहमी ‘नकाशात दाखवा’ येते.

आमच्या गटात आम्ही एक साधी कसोटी वापरतो. मॉड्यूलमधून एकेक विषय काढून पाहायचा. तो काढल्यावरही मूळ प्रश्नाचे उत्तर देता येत असेल, तर तो विषय तेथे केवळ सजावटीला होता. या कसोटीवर टिकणारे माझे आवडते उदाहरण पृथ्वीच्या परिघाचे आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील सायीन (आजचे अस्वान) आणि अलेक्झांड्रिया येथील मध्यान्हीच्या सूर्यकिरणांतील फरक विचारात घेतला. तो फरक वर्तुळाच्या एक पन्नासांश, म्हणजे ७.२ अंश, आला. तेव्हा परीघ हा त्या दोन नगरांमधील अंतराच्या पन्नासपट असला पाहिजे. येथे भूमिती काढून टाकली तर हाती फक्त दोन सावल्या उरतात. भूगोल काढला तर त्या सावल्या कुठल्या आणि अंतर कोणत्या दिशेने मोजायचे हे कळत नाही. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर मानता येतात, हे विज्ञानाचे गृहीतक काढले तर सगळा युक्तिवादच कोसळतो.

हेच उदाहरण ऑनलाइन का करावे याचेही कारण यात आहे. उत्तर-दक्षिण अंतर बरेच असलेल्या दोन शाळांनी एकाच दिवशी, आपापल्या स्थानिक मध्यान्ही, एक मीटर उंचीच्या सरळ काठीची सावली मोजायची आणि आकडे एकमेकांना कळवायचे. त्रिकोणमिती आलेली नसेल तर काठी व सावली प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने कोन मोजता येतो. एकट्या वर्गाला हा प्रयोग पूर्ण करताच येत नाही, दुसऱ्या शाळेची गरज पडते. ज्या मॉड्यूलमध्ये अशी गरज कुठेच पडत नाही, ते छापील पुस्तिकेत असते तरी काही बिघडले नसते.

खिडकी

मी शिक्षिका नाही. शिक्षकांनी लिहिलेला आशय पडद्यासाठी मांडण्याचे काम करते. अक्षांश यांच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहिते.

माझ्याकडे येणारी बहुतेक मॉड्यूल चित्रफितींच्या यादीच्या स्वरूपात येतात आणि पहिला प्रश्न असतो की चित्रफीत किती मिनिटांची हवी. याचे जे उत्तर सर्वत्र ऐकू येते, सहा मिनिटे, त्याचा उगम २०१४ मधील एका अभ्यासात आहे. फिलिप ग्वो, जूहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासल्या आणि चित्रफीत कितीही लांब असली तरी प्रेक्षक सलग पाहण्यात घालवत असलेल्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नाही असे त्यांना आढळले. मात्र तो अभ्यास खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा होता, वर्गातील तेरा वर्षांच्या मुलांचा नव्हता, आणि त्यात मोजले होते ते पाहणे, शिकणे नव्हे. त्यामुळे हा आकडा नियम म्हणून वापरू नये असे मी आवर्जून सांगते.

माझ्या मते आधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे. विगिन्स आणि मॅकटाय या शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेली उलट्या क्रमाची आखणी अनेकांना ठाऊक असेल: प्रथम अपेक्षित आकलन, मग ते झाले हे कशावरून कळेल त्याचा पुरावा, आणि सर्वांत शेवटी कृती व साहित्य. एका विषयाच्या पाठात हा क्रम मोडला तरी पाठ्यपुस्तक सांभाळून घेते. चार विषयांच्या मॉड्यूलला सांभाळणारे पुस्तकच नसते. निवळी, तुमच्या मॉड्यूलच्या शेवटी विद्यार्थी नेमके काय तयार करतो?

आणखी एक. पडद्याला जे खरोखर चांगले जमते ते म्हणजे लक्षात ठेवणे. पहिल्या पानावर विद्यार्थ्याला अंदाज लिहायला सांगा, तो जपून ठेवा, आणि शेवटच्या पानावर त्याच्याच शब्दांत त्याच्यासमोर आणा. स्वतःचे आधीचे मत असे समोर आले की ते का बदलले हे सांगण्याची ओढ मुलांना लागते. एवढ्या एका सोयीसाठी मी दहा चित्रफिती सोडून द्यायला तयार आहे.

निवळी

सर्वांचे आभार. खिडकी यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की शेवटी विद्यार्थी काहीच तयार करत नाही. तो वीस वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवतो, प्रत्येक विषयाचे पाच. हे लिहितानाच चूक कळते आहे.

काल चौघे बसलो आणि ‘पाणी’ ऐवजी एक प्रश्न घेतला: शाळेच्या छतावर पडणारा पाऊस साठवला, तर शाळेची पाण्याची गरज त्यातून भागेल का? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते, त्यामुळे सुरुवात मुलांना झेपेल. यात गणिताला गुणाकारापलीकडे काही काम आहे का, हे लसावि यांनी सांगावे अशी विनंती आहे.

लसावि

काम आहे, आणि चांगले आहे. तुमच्या प्रश्नात ‘भागेल का’ हे दोन शब्द फसवे आहेत, आणि त्या फसवेपणातच गणित आहे.

समजा छत ५०० चौरस मीटरचे आहे आणि पडलेल्या पाण्यापैकी ८० टक्के हाती लागते. म्हणजे दर मिलिमीटरला ४०० लिटर. समजा चार महिन्यांत अनुक्रमे १२०, २००, ४० आणि ० मिलिमीटर पाऊस पडला. पाणी मिळाले ४८,०००, ८०,०००, १६,००० आणि ० लिटर, एकूण १,४४,०००. शाळेची गरज महिन्याला ३६,००० लिटर असेल, तर चार महिन्यांची गरजही १,४४,०००. सरासरी काढणारा विद्यार्थी सांगेल की पाणी तंतोतंत पुरते.

आता टाकी २०,००० लिटरची आहे असे सांगा. पहिल्या महिन्याअखेर १२,००० लिटर शिल्लक. दुसऱ्या महिन्यात ४४,००० आणखी उरतात, पण टाकीत मावतात २०,००० च. ३६,००० वाहून जातात. तिसऱ्या महिन्याअखेर टाकी रिकामी होते आणि चौथा महिना पूर्ण कोरडा जातो. एकूण पाणी तेच, एकूण गरज तीच. सगळे पाणी वापरायचे तर टाकी ५६,००० लिटरची लागते. आणि हेच चार आकडे २००, ०, १२०, ४० अशा क्रमाने आले, तर ४४,००० लिटरची टाकी पुरते! बेरीज न बदलता केवळ क्रम बदलल्याने उत्तर बदलते, हे आठवीच्या मुलाला स्वतः सापडले तर मला त्याहून अधिक काही नको.

संचयी पुरवठा आणि संचयी मागणी यांच्या दोन रेषा एकाच आलेखावर काढून त्यांमधील फरकावरून साठा ठरवण्याची रीत रिपल या अभियंत्याने १८८३ मध्ये जलाशयांसाठी मांडली होती आणि अभियांत्रिकीत ती आजही शिकवली जाते. हा आलेख स्तंभालेख नव्हे. येथे रेषेचा चढ म्हणजे दर आणि दोन रेषांमधील उभे अंतर म्हणजे साठा, हे समजल्याशिवाय विद्यार्थी पुढे जाऊच शकत नाही. अशा मॉड्यूलला माझा विरोध नाही. उतरंडीबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे: दर आणि संचय या कल्पना गणिताच्या तासाला आधी शिकवलेल्या असाव्यात, मॉड्यूलमध्ये त्या प्रथमच भेटू नयेत.

अक्षांश

हा क्रमाचा मुद्दा भूगोलाच्या अगदी गाभ्याचा आहे. आमची पुस्तके वार्षिक सरासरी पर्जन्यमान देतात आणि मुले ती पाठ करतात. दोन ठिकाणांची वार्षिक सरासरी सारखी असूनही एकाला लहान टाकी पुरते व दुसऱ्याला पुरत नाही, हे दाखवायला तीन वेगवेगळ्या हवामानप्रदेशांची मासिक आकडेवारी द्यावी: एक, जेथे पाऊस वर्षभर सारखा पडतो, दुसरा, जेथे तो मोजक्या महिन्यांत कोसळतो, आणि तिसरा, जेथे तो उन्हाळ्यात नव्हे तर हिवाळ्यात पडतो. आकडे द्यायचे, प्रदेशाचे नाव द्यायचे नाही. टाकीचा आकार काढून झाल्यावर हवामानप्रदेश ओळखायला सांगायचा.

अन्वय

मी भाषा शिकवतो आणि सुरुवातीला उल्लेखलेली ‘शेवटी एक कविता’ ही गोष्ट आम्हा भाषाशिक्षकांना चांगलीच ओळखीची आहे. कवितेवर माझे निरतिशय प्रेम आहे, आणि म्हणूनच तिला पाण्याच्या मॉड्यूलच्या शेपटीला बांधू नये असे मला वाटते.

भाषेची या मॉड्यूलमध्ये दोन कामे आहेत आणि ती इतर कोणताही विषय करू शकणार नाही. पहिले, युक्तिवादाचे लेखन. टाकी केवढी बांधावी याची शिफारस विद्यार्थ्याने दोनदा लिहावी: एकदा खर्चाची परवानगी देणाऱ्या समितीसाठी आणि एकदा पाचवीच्या मुलांसाठी. आकडे तेच, वाचक वेगळे. ‘सुमारे’, ‘किमान’, ‘बहुधा’, ‘पाऊस नेहमीसारखा पडला तर’ या शब्दप्रयोगांची जबाबदारी तेव्हा मुलांना कळते. अनिश्चितता शब्दांत नेमकी मांडता येणे ही भाषेची कमाई आहे.

दुसरे काम अधिक दुर्लक्षित आहे. चार विषय एकत्र आले की एकच शब्द चार अर्थांनी येतो आणि आपल्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात येत नाही. ‘प्रमाण’ हा शब्द घ्या. गणितात दोन गुणोत्तरे समान असली की त्यातील संख्या प्रमाणात असतात. भूगोलात नकाशाचे प्रमाण असते. विज्ञानात क्षाराचे प्रमाण वाढले असे आपण म्हणतो तेव्हा केवळ मात्रा अभिप्रेत असते. आणि तर्कात प्रमाण म्हणजे पुरावा. भाषेच्या तासाला आम्ही प्रमाणभाषा शिकवतो ती पुन्हा वेगळीच. ‘पद’, ‘घात’, ‘कार्य’, ‘क्षेत्र’ यांचेही तसेच. एका पानावर हे सगळे अर्थ वापरून आपण मुलांना गोंधळात टाकतो आणि मग त्यांचा पाया कच्चा आहे म्हणतो. अशा शब्दांना स्पर्श करताच प्रत्येक विषयातील अर्थ उदाहरणासह उघडावा, एवढी सोय मॉड्यूलमध्ये केली तरी पुष्कळ साधेल.

लसावि

‘प्रमाण’ बद्दल अन्वय यांनी लिहिले ते वाचून माझ्या वर्गातील काही चुकीची उत्तरे आठवली, ज्यांचे कारण मला आजवर उमगले नव्हते. मनापासून धन्यवाद.

तिसरी तासिका

मी शाळेचे वेळापत्रक पाहते, त्यामुळे थोडे रुक्ष लिहिते. हे सगळे उत्तम आहे, परंतु चार शिक्षकांना एकाच वेळी मोकळी तासिका मिळणे हे मॉड्यूल लिहिण्याहून अवघड असते. ती तासिका वर्षाच्या आरंभी वेळापत्रकात बांधून घेतली नाही, तर संयुक्त आखणी मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या होते आणि शेवटी प्रत्येकजण आपापले पान लिहून देतो. निवळी यांच्या पहिल्या मॉड्यूलचे कारण कदाचित एवढेच असेल.

आणि लसावि यांच्या काळजीबद्दल: असे मॉड्यूल सतत करावे असे कोणी म्हणत नाही. फिनलंडमध्ये २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून किमान एक बहुविषयक अध्ययनघटक मिळावा अशी अट आहे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या मधल्या टप्प्यातही वर्षाला किमान एक आंतरविद्याशाखीय घटक अपेक्षित आहे. इतर वेळी विषयांचे तास चालूच राहतात. वर्षातून एकच, पण नीट केलेले, असे ठरवले तर वेळापत्रकातही बसते.

जुनी वही

एक अनुभव सांगतो. आम्ही पाच शिक्षकांनी दोन वर्षे खपून आरोग्यावरचे मॉड्यूल एका संकेतस्थळाच्या संपादकात तयार केले होते. ती सेवा बंद झाली तेव्हा लक्षात आले की आमचा मजकूर बाहेर काढण्याची सोयच नव्हती. पडद्याची छायाचित्रे काढून ठेवली, तेवढीच उरली. तेव्हापासून मी मूळ मजकूर साध्या धारिकांमध्ये ठेवतो आणि परस्परसंवादी भाग एच-फाइव्ह-पीसारख्या खुल्या साधनात करतो, म्हणजे एका प्रणालीतून दुसरीकडे नेता येतात.

परवान्यांकडेही सुरुवातीलाच पाहावे. क्रिएटिव्ह कॉमन्सची (साहित्य ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या परवान्यांची) खूण दिसली की सगळे मोकळे, असा समज आहे. ‘बदल नाही’ अशी अट असलेल्या साहित्याचा अनुवाद करून तो प्रसृत करता येत नाही, कारण अनुवाद हाही बदल आहे. आणि ‘समान अटींवर वाटप’ असलेला मजकूर ‘अव्यावसायिक, समान अटींवर वाटप’ असलेल्या मजकुरात मिसळून एक नवी कृती करता येत नाही. दोन्हींच्या अटी एकाच वेळी पाळणे शक्यच नसते. चार शिक्षक चार ठिकाणांहून साहित्य आणतात तेव्हा ही अडचण हमखास येते.

स्पर्शलिपी

मी पडदावाचकाच्या (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या) साहाय्याने वाचतो आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना शिकवतो. संचयी आलेखाची कल्पना सुंदर आहे. ती आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावी म्हणून तीन गोष्टी आताच लिहून ठेवतो, कारण शेवटी जोडायला गेल्यास त्या राहून जातात.

आलेखासोबत त्याच आकड्यांचे कोष्टक आणि दोन-तीन वाक्यांचे वर्णन असावे. चित्र ओढून जागेवर सोडण्याच्या कृतीला कळफलकाने करता येईल असा पर्याय असावा. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला किंवा चित्ररूपात चिकटवलेला मजकूर डोळ्यांना व्यवस्थित दिसतो, पण पडदावाचक त्यातून निरर्थक अक्षरे वाचतो किंवा गप्प राहतो. ज्यांना दिसते त्यांच्यासाठीही अक्षर व पार्श्वभूमी यांचे रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेबविषयक सुगम्यतेचे निकष सांगतात.

पाटीपेन्सिल

निवळी यांचा दुसरा प्रश्न, गुणांचा, अजून तसाच आहे.

हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरो या शिक्षणविषयक संशोधनगटात व्हेरोनिका बॉइक्स मॅन्सिला यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे. आंतरविद्याशाखीय काम पाहताना त्या हेतू किती स्पष्ट आहे, प्रत्येक विद्याशाखेचा आधार कितपत पक्का आहे, त्या आधारांची सांगड कशी घातली आहे आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाच्या मर्यादांची जाणीव आहे का, हे पाहतात. आपण बहुधा या चारपैकी फक्त दुसऱ्या गोष्टीचे, म्हणजे विद्याशाखेच्या आधाराचे, गुण देतो, कारण ते द्यायची सवय आहे.

लसावि

मग प्रत्येक विषयाचे गुण वेगळे आणि सांगड घातल्याचे गुण वेगळे द्यावेत. ज्याचा संचयी आलेख चुकला आहे त्याची शिफारस कितीही ओघवती असली तरी गणिताचे गुण त्याला मिळता कामा नयेत. एकत्रित गुणांत कच्चेपणा झाकला जातो.

अन्वय

येथे मी सहमत नाही. गुण विषयवार वेगळे केले की ती विद्यार्थिनी पुन्हा विचारणार, ‘यातला विज्ञानाचा भाग कोणता?’ आणि आपण दिलेल्या गुणपत्रिकेनेच तिला ते विचारायला शिकवलेले असेल. चुकीच्या आलेखावर उभी असलेली शिफारस ही शिफारस म्हणूनही चुकीचीच आहे. भाषाशिक्षक म्हणून मीच तिला चांगले गुण देणार नाही. युक्तिवादाचा आधार चुकला तर युक्तिवाद चुकला.

खिडकी

दोघांचे म्हणणे मला पटते, त्यामुळे निकषांऐवजी वेळेचा विचार सुचवते. विषयवार तपासणी आकारिक मूल्यमापनात, म्हणजे काम चालू असताना व्हावी: आलेख चुकला तर गणिताच्या शिक्षकांनी तो तेव्हाच परत पाठवावा आणि दुरुस्त झाल्याशिवाय शिफारशीचे पान उघडू नये. शेवटचे गुण मात्र अखंड कामाला एकत्र द्यावेत.

लसावि

याला माझी हरकत नाही, पण परत पाठवलेला आलेख तपासायला वेळ कोण देणार हे तिसरी तासिका यांनी सांगावे.

निवळी

पंधरा दिवसांनी परत येत आहे. या धाग्याची छापील प्रत घेऊन आम्ही चौघे तीन वेळा बसलो.

जलचक्राची चित्रफीत काढून टाकली. ती करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला होता, पण अक्षांश यांच्या कसोटीवर ती टिकली नाही. विज्ञानाच्या वाट्याला आता छतावरच्या पहिल्या पावसाचे पाणी आले आहे: त्यात धूळ, पानांचा कचरा, पक्ष्यांची विष्ठा असते, म्हणून पहिले काही मिलिमीटर सोडून द्यावे लागतात. किती सोडायचे, हे मुले गढूळपणाचा प्रयोग करून ठरवणार आहेत, आणि जितके पाणी सोडले तितका लसावि यांच्या आलेखातील पुरवठा घटतो. म्हणजे माझ्या प्रयोगाचे उत्तर आल्याशिवाय गणिताचे पान पूर्ण होत नाही. हे घडले तेव्हा पहिल्यांदा वाटले की आता याचे तुकडे पडणार नाहीत.

पहिल्या पानावर अंदाज लिहून घेतो आणि शेवटच्या पानावर तो परत दाखवतो. हवामानप्रदेशांची नावे झाकली आहेत. शिफारस दोन वाचकांसाठी आहे. शब्दार्थांची सोय फक्त नऊ शब्दांना करता आली. इतिहास घ्यावा का यावर चर्चा झाली, पण या प्रश्नाला त्याची गरज नव्हती, म्हणून घेतला नाही.

गुणांबाबत आमच्यातही अन्वय आणि लसावि यांच्यासारखेच दोन तट आहेत. तूर्त खिडकी यांची रीत एका तुकडीवर वापरणार आहोत, आणि शेवटच्या पाच शिफारशी चौघांनीही एकमेकांना न विचारता तपासून मग गुण ताडून पाहणार आहोत. आलेख तपासण्यासाठी दर आठवड्याला एक संयुक्त तासिका मिळाली आहे. स्पर्शलिपी, पहिली चार पाने आणि आकड्यांची कोष्टके आपल्याला पाठवली आहेत.

स्पर्शलिपी

पाने मिळाली. कोष्टके नीट वाचली जातात. चौथ्या पानावर आलेखाच्या वर्णनात ‘निळी रेषा लाल रेषेच्या वर जाते’ असे लिहिले आहे. रंगांऐवजी ‘पुरवठ्याची रेषा’ आणि ‘मागणीची रेषा’ असे लिहावे, आणि ती कोणत्या महिन्यात वर जाते तेही सांगावे. तिसऱ्या पानावरील टाकीचे चित्र कळफलकाने हलत नाही. ते दुरुस्त झाले की माझ्या दोन विद्यार्थ्यांना पूर्ण मॉड्यूल करायला देतो आणि ते कुठे अडतात ते येथेच लिहितो.